फिनिशवाले भाऊ

भाऊंच्या मनगटावरचं घड्याळ नेहमी एक तास पुढे असायचं. कुणी वेळ विचारली की ते त्यात बघून म्हणायचे, "तिथं अकरा. म्हंजे आपले दहा." तिथं म्हणजे फिनलंडमध्ये. माणूस अमरावती जिल्ह्यातला, दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलेला, नोकरी जर्मनीत आणि मनगटावर वेळ फिनलंडची. यात कुणाला काही विचित्र वाटतं, याचंच त्यांना नवल वाटायचं.

पुण्याहून मी स्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेनला आले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणारी कंपनी, आणि मी तिथल्या सॉफ्टवेअरच्या टीममध्ये. पहिल्याच आठवड्यात कॉफी मशीनपाशी एका मराठी सहकाऱ्याने ओळख करून दिली, "हे आपले फिनिशवाले भाऊ." मला वाटलं, सरफेस फिनिशिंगचं काम बघत असतील. मी धातूच्या पॉलिशबद्दल एक हुशारीचा प्रश्न विचारला. भाऊंनी तो नीट ऐकून घेतला, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "ते डिपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर आहे. मी फिनिश भाषेतला."

मी गडबडून त्यांना सॉरी सर म्हणाले.

"सर नका म्हनू, ताई. मी कोनाले शिकवत नाही."

माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस मला ताई म्हणत होता. मग मीही भाऊच म्हणू लागले.

त्यांच्या गप्प बसण्याची सवय व्हायला मला वर्ष लागलं. काही विचारलं की ते इतके थांबायचे की फोनवर पलीकडच्याला लाइन तुटल्यासारखं वाटायचं. मीटिंगमध्ये आमचा जर्मन शेफ, म्हणजे साहेब, ती शांतता "आल्झो... आल्झो..." करत भरून काढायचा. शेवटी भाऊ एक वाक्य बोलायचे आणि बहुतेक वेळा तेच वाक्य रिपोर्टमध्ये जायचं. मला त्यांनी एकदा समजावलं होतं. "फिनिश मानूस गप्प बसला म्हंजे तो ऐकून राहिला. जर्मन गप्प बसला म्हंजे त्याले पटलं नाही. आन आपला मराठी मानूस गप्प बसतच नाही, म्हनून त्याचं काही कळत नाही."

डब्यात त्यांच्या राय नावाच्या धान्याची कडक फिनिश भाकरी असायची, तव्याच्या आकाराची, मध्ये भोक असलेली. तिचे तुकडे करून त्यावर ते वहिनींनी केलेला ठेचा लावायचे. कँटीनमध्ये हा प्रकार खाताना समोर एक पुस्तक उघडं असायचं आणि ओठ हलत असायचे. ते फिनिश वाक्य आधी पुटपुटायचे, मग त्याचं मराठी पुटपुटायचे, मग मान हलवून पहिल्या वाक्याकडे परत जायचे. नव्या जर्मन पोरांना वाटायचं की हे जेवणाआधी प्रार्थना म्हणतात.

फिनिशची सुरुवात कामातूनच झाली होती. भाऊ ब्रेकच्या हिवाळी चाचण्या करायचे. दर जानेवारीत टीम फिनलंडच्या अगदी उत्तरेला जायची, गोठलेल्या तळ्यावर गाड्या पळवायची आणि ब्रेक कुठे दगा देतात ते बघायची. पहिल्या वर्षी एकदा तळ्याकाठच्या रस्त्यावर भाऊ कंपनीच्या गाडीची वाट बघत उभे होते. उणे अठ्ठावीस अंश. गाडी आली नाही, एक बस आली. ती प्रवाशांची बस नव्हती, फिरतं वाचनालय होतं. थंडीने बोटं कडक झाली होती म्हणून भाऊ आत चढले. ड्रायव्हर आणि ग्रंथपाल एकच, एक म्हातारा गृहस्थ. भाऊंनी इंग्रजी पुस्तक मागितलं. म्हाताऱ्याने नाही म्हणून मान हलवली आणि लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"कार्ड नाही, पत्ता नाही, नाव नाही विचारलं," भाऊ सांगायचे. "दोन आठवड्यांनी याच जागी आनून दे म्हने. हे सारं खुनेनं. माझ्या गावात वाचनालयाची पायरी चढायले मले नववी पास व्हा लागलं."

त्या पुस्तकात एक अस्वल घर शोधत होतं. तालो म्हणजे घर. तालोस्सा म्हणजे घरात. तालोस्ता म्हणजे घरातून. भाऊंच्या लक्षात आलं की हे तर आपल्यासारखंच आहे, शब्दाला शेपूट लावत जायचं. स्टुटगार्टला परत आल्यावर त्यांनी संध्याकाळच्या फिनिश वर्गात नाव घातलं. वर्गात सहा निवृत्त जर्मन बायका आणि भाऊ. पंधरा विभक्त्या बघून बायका घाबरल्या. भाऊ म्हणाले, यात काय आहे, आम्ही हे जन्मल्यापासून करतो. दोन वर्षांनी त्यातल्या चार बायका उरल्या होत्या आणि अडलं की त्या शिक्षिकेऐवजी भाऊंना विचारायच्या.

पुढे त्यांना टीमचं प्रमुखपद देऊ केलं गेलं. ते घेतलं असतं तर हिवाळ्यात उत्तरेला जाणं बंद झालं असतं, म्हणून त्यांनी नाही म्हटलं. शेफला वाटलं, यांना कळलं नसेल. त्याने सगळं परत हळूहळू समजावून सांगितलं. भाऊ गप्प बसले. मग म्हणाले, "तिथं माझं वाचनालय आहे." शेफने वहिनींना फोन करून चौकशी केली की घरी सगळं ठीक आहे ना. वहिनी किंडरगार्टनमध्ये शिक्षिका होत्या, त्यांना अशा प्रश्नांची सवय होती. त्या म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. ते असेच आहेत."

मी आले तोवर भाऊंनी एका कादंबरीला हात घातला होता. लेखिका हयात, साठीच्या आसपासची, उत्तरेकडचीच. गोष्ट एका कागदगिरणीच्या गावाची. गिरणी बंद पडते आणि तिथे तीस वर्षं राबलेलं एक माणूस 'मी' म्हणून आपली कहाणी सांगतं. या माणसाला सगळे टोपणनावाने हाक मारतात. ते बाई आहे की पुरुष, हे लेखिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सांगत नाही. वाचता वाचता आपणच ठरवतो, मग पुढच्या पानावर आपलं ठरवणं डळमळतं. सगळी कादंबरी त्यावर उभी आहे. फिनिशमध्ये ते सहज जमतं, कारण तिथे तो आणि ती यांनाही एकच शब्द आहे, आणि क्रियापदाला बाई-पुरुषाचा पत्ता नसतो.

भाऊंनी प्रकाशकाला फिनिशमध्ये पत्र लिहून अनुवादाची परवानगी मिळवली, आणि मग मराठीने त्यांना पहिल्याच वाक्यात अडवलं. मी उठलो की मी उठले?

एका रविवारी मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते, तेव्हा हाच विषय चालला होता. त्यांची मुलगी चौदा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये द्यायची. ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "इष गिंग. फेर्टिश, पापा." जर्मनमध्ये 'मी गेलो' आणि 'मी गेले' दोन्हीला 'इष गिंग'च, त्यामुळे तिच्या मते काम फेर्टिश, म्हणजे संपलं.

"जर्मनमध्ये नाही, मराठीत सांग," भाऊ म्हणाले.

तिने विचार केला. "मराठीत... मी गेलं?"

"ते मांजर झालं," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी तीन वर्षं नाना वाटा शोधल्या. 'माझं जाणं झालं.' 'मला उठावं लागलं.' 'माझ्या हातून दार उघडलं गेलं.' अशी दोनशे दहा पानं त्यांनी लिहिली. मी ती वाचली आणि छान आहेत म्हणाले, कारण एकही चूक नव्हती. शाळेत निबंधाची बक्षिसं मिळवलेली मुलगी मी. माझ्या दृष्टीने चूक नसणं म्हणजेच छान.

"ताई, हे कागदगिरणीतलं मानूस आहे," भाऊ म्हणाले. "माझ्यापाशी ते तहसील कचेरीतल्या अर्जासारखं बोलून राहिलं."

आणि मग तो सोमवार आला. मी जॅकेटही काढलं नव्हतं. भाऊ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, हातात मोबाइल. "माय काय म्हनते ते ऐका," म्हणून त्यांनी बटण दाबलं. गावाहून त्यांच्या आईने पाठवलेला निरोप होता, डोळा दाखवून आल्याचा. म्हातारा, स्वच्छ आवाज.

"मी आज दवाखान्यात गेलो होतो, बापू. डाक्टरनं सांगतलं का डोया आता चांगला हाये. मंग मी एस्टीनं घरी आलो. भाकर खाल्ली आन झोपलो."

भाऊंनी विचारलं, "सांगा. बाई का पुरुष?"

"तुमच्या आई आहेत ना."

"आवाज सोडा. कागदावर काय दिसन?"

मी ते वाक्य मनात लिहून पाहिलं. मी गेलो होतो. मी आलो. मी झोपलो. आमच्याकडे बाई असं बोलली तर हसतील. पण वऱ्हाडात बाया असंच बोलतात, पिढ्यान्‌पिढ्या. भाऊंच्या आईने, आजीने, बहिणींनी जन्मभर 'मी जातो' म्हटलं होतं आणि त्यांना ते इतकं रोजचं होतं की तीन वर्षं ते कानावर पडूनही ऐकू आलं नव्हतं.

"पण भाऊ, पुण्याच्या वाचकाला तो पुरुषच वाटेल," मी म्हणाले.

"वाटू द्या. पुन्याच्या मानसाले पुरुष वाटन, माझ्या मायले बाई वाटन. दोघंही बरोबर. लेखिकेले तेच तर पाहिजे."

त्या दिवशी ऑफिसात भाऊ हसताना दिसले. जर्मन सहकाऱ्यांना वाटलं, घरात काही आनंदाची बातमी असेल. तशी ती होतीच.

दोनशे दहा पानं बाजूला ठेवून त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ती ओळ मला अजून पाठ आहे: "मी सकायी उठलो तं बाहीर बरफ पडून राहिलं होतं. मायले म्हनलं, आज काई कामावर जानं नाई, आता कोनत्याच दिशी नाई." मूळ फिनिशमध्येही ती माणसं राजधानीची भाषा बोलत नाहीत, उत्तरेची बोलतात, हे मला त्यानंतर कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

बर्फाचे शब्द त्यांनी असेच गावाकडून आणले. फिनिशमध्ये रस्त्यावरच्या वितळलेल्या घाण बर्फाला वेगळा शब्द आहे. भाऊंनी त्याला 'रेंदा' म्हटलं, नालीकाठच्या चिखलाला गावात म्हणतात तसं. शेतावर गोठून कडक झालेल्या, पाय ठेवला तरी न फुटणाऱ्या बर्फाला 'खपली' म्हटलं, वाळलेल्या चिखलावर धरते ती. आठवड्याला एक शब्द ते कागदावर लिहून कॉफी मशीनला चिकटवायचे. वर फिनिश, खाली वऱ्हाडी, तेही रोमन अक्षरांत. आमचा शेफ दोन्ही मोठ्याने वाचायचा, दोन्ही सारख्याच चुका करत.

पहिली तीस पानं झाली तेव्हा ती त्यांनी मला दिली. आता मी जे केलं ते सांगायला अजूनही जड जातं. मी लाल पेन घेऊन बसले. 'म्हनलं'चं म्हटलं केलं, 'कोन'चं कोण, 'पडून राहिलं होतं'चं पडत होतं. प्रत्येक ओळीवर तीन-चार खुणा. एवढं काम करून दिलं म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

भाऊंनी आठवडाभर काही म्हटलं नाही. मग एका दुपारी पानं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "शुद्धलेखन तुमचं बरोबर आहे, ताई. पन तुम्ही माझ्या मानसाले पुन्यात नेऊन ठेवलं. त्याले आता कोनी वळखत नाही."

आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मला ते जास्त लागलं. मी ती पानं घरी नेली आणि मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला. पहिल्या पानावर जीभ अडखळली. दहाव्या पानावर ते माणूस माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी भाऊंना म्हणाले, "मला चुकीच्या जागी चुका दिसल्या." ते म्हणाले, "चालते. आता वाचाले दुसरी तीस देतो." त्यानंतर मी फक्त वाचत गेले. कुठे कंटाळा आला आणि कुठे रडू आलं, एवढंच सांगायची.

पुस्तक पूर्ण झालं. प्रकाशक मी शोधला. पुण्यातले एक संपादक माझ्या मामांच्या ओळखीचे. त्यांनी हस्तलिखित वाचून फोनची वेळ ठरवली. जेवणाच्या सुट्टीत छोट्या मीटिंग रूममध्ये आम्ही दोघं फोन स्पीकरवर ठेवून बसलो. संपादक अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी भाऊंचं तोंडभरून कौतुक केलं. मग म्हणाले, "बोली छानच आहे हो, पण ती संवादांपुरती ठेवू. निवेदन प्रमाण मराठीत येऊ दे. आणि आमच्याकडे फिनिश येणारं कुणी नाही. तेव्हा इंग्रजी अनुवाद समोर ठेवून ताडून घेऊ. फरक पडेल तिथे इंग्रजीप्रमाणे करू. चालेल ना?"

भाऊ गप्प.

"हॅलो? आहात ना?"

"आहे. इंग्रजीप्रमाणे करायचं असन तर इंग्रजीतून दुसऱ्या कोनी करावं. माझं राहू द्या. तुम्ही येवढं वाचलं, आभारी आहे."

आणि त्यांनी फोन ठेवला. मला धक्का बसला. सहा वर्षांचं काम होतं ते. आम्ही बाहेर पार्किंगपलीकडच्या बाकावर जाऊन बसलो. मी म्हणाले, भाऊ, थोडं इकडे-तिकडे करून जमलं असतं. पुस्तक तरी निघालं असतं.

ते डबा उघडून बोलू लागले. "माझी आजी गावच्या विहिरीवर घागर घेऊन उभी राहे. आमाले दोर टाकायची मुभा नव्हती. कोनी दया येऊन वरून ओतलं तं घागर भरे, नाही तं तशीच उभी. मंग माझ्या बापानं आन मोहल्ल्यातल्या लोकांनी आपली विहीर खंदली. दोन उन्हाळे लागले. पानी जरा खारं लागते. पन कोनाच्या हाताची वाट पाहा लागत नाही." त्यांनी डब्यातली भाकरी मोडून मला अर्धी दिली. "फिनिशपर्यंत जायले मले अकरा वर्षं लागली, ताई. आता मी ते कोनी वरून ओतलेलं काऊन घेऊ?"

माझ्या आजोळीही विहीर होती. सुट्टीत आम्ही मुलं तिच्या काठावर खेळायचो. तिथे कोण ओतायचं आणि कोण थांबायचं, हे मी जन्मात कधी विचारलं नव्हतं. त्या बाकावर मला पहिल्यांदा ते विचारावंसं वाटलं, आणि उत्तर मला माहीत होतं. भाऊंनी माझ्याकडून काही अपेक्षा केली नाही. आम्ही भाकरी खाल्ली आणि कामावर गेलो.

पुस्तक शेवटी अमरावतीच्या एका लहान प्रकाशनाने काढलं. एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची सून, एवढंच ते प्रकाशन. त्यांनी एक अक्षर बदललं नाही. उलट 'नाई' सगळीकडे सारखं लिहिलंय का, हे सुनेने पानापानांवर तपासलं. मुखपृष्ठावर लेखिकेच्या नावाखाली, त्याच आकारात, भाऊंचं नाव आणि 'मूळ फिनिशवरून' हे शब्द होते.

मग पत्रं येऊ लागली. अकोल्याच्या एका मास्तरांनी लिहिलं की हा कामगार त्यांच्या सूतगिरणीतल्या मित्रासारखा आहे, त्यालाही असंच एका नोटिशीवर घरी बसवलं होतं. यवतमाळच्या एका नर्सने लिहिलं की ही बाई म्हणजे तिची मोठी बहीण. भाऊंनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून मला दाखवली. गावी त्यांच्या आईला शेजारची एक मुलगी रोज चार पानं वाचून दाखवत होती. पुस्तक संपल्यावर आईचा निरोप आला: "लय कष्टाळू बाई हाये ते. पन तिनं लगन काऊन नाई केलं, ते लिहा लागत होतं." भाऊ म्हणाले की एवढी नेमकी समीक्षा त्यांनी फिनिश वर्तमानपत्रातही वाचली नव्हती.

गेल्या वर्षी ती लेखिका स्टुटगार्टला आली. शहरातल्या वाचनालयात फिनिश पुस्तकांचा कार्यक्रम होता. तिच्यासोबत तिची जर्मन अनुवादक होती, आणि आयोजकांना कळलं होतं की इथून अर्ध्या तासावर या पुस्तकाचा मराठी अनुवादकही राहतो. त्यांनी भाऊंना बोलावलं. सभागृहात बहुतेक जर्मन आणि फिनिश माणसं. मागच्या दोन ओळींत आम्ही मराठी लोक, पहिल्या ओळीत वहिनी आणि मुलगी. आमचा शेफही बायकोला घेऊन आला होता.

एकच पान तिघांनी वाचायचं ठरलं होतं. गिरणीचा शेवटचा दिवस, कपाटाची किल्ली परत देण्याचा प्रसंग. आधी लेखिकेने वाचलं, मग जर्मन बाईंनी. मग भाऊ उठले. चष्मा लावला, पान उघडलं आणि उभे राहिले. सूत्रसंचालक चुळबुळला. फिनिश माणसं शांत बसून होती. मग भाऊंनी वाचायला सुरुवात केली, आणि मी इतक्या वर्षांत त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. भरदार, कुठेही न थांबणारा. फोरमन विचारतो, आता काय करशील? "आता मी घरी जातो. मायले भाकर देतो. आन उद्या पाचले उठतो, सवय हाये म्हनून." माझ्या शेजारची वर्ध्याची मुलगी रडत होती. भाषा न कळणारी माणसंही हलली नाहीत.

प्रश्नांच्या वेळी आमच्याच ओळीतला एक तरुण इंजिनिअर उठला. जर्मनमध्ये म्हणाला की अनुवाद उत्तम आहे, पण ही अशुद्ध भाषा आहे, बाहेरच्या लोकांसमोर आपली प्रमाण मराठी जायला नको होती का? मी उभीच राहिले, काय बोलणार होते कुणास ठाऊक. भाऊंनी हाताने मला बसायची खूण केली. मग ते लेखिकेकडे वळले आणि त्यांनी तिला फिनिशमध्ये काही विचारलं. सभागृहातले फिनिश लोक एकदम हसले. जर्मन अनुवादक बाईंनी आम्हाला सांगितलं, "ते विचारतायत, हा प्रश्न तुम्हाला तुमच्या राजधानीत कुणी विचारला होता का?"

लेखिकेने माइक जवळ घेतला. "विचारला होता," ती म्हणाली. "दहा वर्षं विचारत होते. आता तेच पुस्तक शाळेत शिकवतात."

टाळ्या थांबेनात. आमचा शेफ उभा राहून टाळ्या वाजवत होता, "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणत. तो तरुण मुलगाही हसला आणि टाळ्या वाजवू लागला. मी भाऊंकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. या माणसाच्या पानांवर मी एकदा लाल पेन चालवलं होतं, आणि तरीही त्यांनी मला पुढची तीस पानं दिली होती. या माणसाला मी ओळखते, एवढ्याच गोष्टीचा मला त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो मला स्वतःच्या कुठल्याही बक्षिसाचा कधी वाटला नाही.

कार्यक्रम संपल्यावर सह्यांची रांग लागली. लेखिका टेबलाशी बसली होती. भाऊ बाजूला उभे होते. तिने पिशवीतून मराठी प्रत काढली, अमरावतीहून तिला पाठवलेली, आणि ती भाऊंपुढे सरकवली. सोबत पेनही.

"पुस्तक तुमचं आहे," भाऊ फिनिशमध्ये म्हणाले. हे मला शेजारी उभ्या जर्मन बाईंनी सांगितलं.

"यातलं एक अक्षरही मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "सही तुम्ही करायची."

तिने उठून स्वतःची खुर्ची त्यांना दिली. भाऊ बसले. वीस वर्षं ते जर्मन कागदांवर रोमन अक्षरांत सही करत आले होते, चटकन, न बघता. इथे त्यांनी देवनागरीत, सावकाश, आपलं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव लिहिलं. मग थोडं थांबून खाली दुसरी ओळ लिहिली, पाकिटावर पत्ता लिहावा तशी.

लेखिकेने वाकून त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय?"

"माझं गाव," भाऊ म्हणाले. "पुस्तक तिथल्या बोलीत आलंय."

तिने गावाचं नाव म्हणायचा प्रयत्न केला. चुकली. भाऊंनी परत सांगितलं, ती परत चुकली. मागची रांग थांबून ऐकत होती. तिसऱ्यांदा तिने ते बरोबर म्हटलं, आमच्या गावातली बाई म्हणेल इतकं बरोबर, असं वहिनी नंतर म्हणाल्या. भाऊंनी मान डोलावली, शाई वाळायची वाट पाहिली आणि पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं.